कुंडीतला वड, मोसंबीचा ताण आणि मुळांचा हिशेब

ऐकणाऱ्यांसाठी भाग आहेच, पण बसमध्ये उभं राहून किंवा मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून वाचणाऱ्यांसाठी ही लेखी प्रत. बोलताना जिथे जिथे मी अडखळले ते काढलंय, बाकी जसंच्या तसं.

बऱ्याच जणांनी विचारलं की मागच्या भागात पाठीमागे पावसाचा आवाज होता तो खरा की लावलेला? खरा. मी सध्या जालन्यात आहे, आज्जीकडे. दिवसा पुण्याच्या ऑफिसचं काम, संध्याकाळी ही असली कामं. नखांत अजून माती आहे.

तर आजचा विषय मुळं. ‘आपली मुळं विसरू नका’ टाइप नाही, तसल्या भाषणांना मी पण कंटाळलेय. खरी मुळं. झाडाची, चिखलातली. आणि ती कापायची हिंमत माणसाला कधीपासून आणि कशी आली, त्याचा इतिहास.

सुरुवात आमच्या गच्चीवरच्या वडापासून करते.

आमच्या जुन्या जालन्यातल्या घराला पूर्वी माळवद होतं. शहरातल्या लोकांसाठी सांगते, माळवद म्हणजे लाकडी तुळया आणि फळ्यांवर माती थापून केलेलं सपाट छप्पर. मराठवाड्यात जुन्या घरांना हेच असायचं. पक्षी वडाची फळं खातात, माळवदावर येऊन बसतात आणि पुढचं तुम्हाला कळलंच. पावसाळ्यात कठड्याच्या फटीत वड-पिंपळाची रोपं उगवतात. आता पंचाईत अशी की वड घरावर वाढू दिला तर भिंत फोडतो, आणि वड उपटून फेकायला घरातलं कोणी तयार होत नाही. मी जन्मायच्या आधी, १९९० च्या सुमारास, आबांनी त्यातला मधला मार्ग काढला. कठड्यातला वड पहारीने, भिंतीच्या तुकड्यासकट काढला आणि बूड गळक्या घमेल्यात लावला. पाणी टाकावं तर खालून निघून जायचं. फेकायच्या लायकीचं घमेलं होतं ते. आबांना तेव्हा ‘बोन्साय’ हा शब्द माहीतसुद्धा नव्हता, आणि कुंडीतून पाणी निघून जाणं हीच या कलेतली अर्धी लढाई असते हेही नव्हतं.

पुढे घमेल्याची जागा सिमेंटच्या उथळ कुंडीने घेतली. दर तीन-चार वर्षांनी, मिरगाचा पहिला पाऊस झाला की आबा ते झाड कुंडीतून उपसायचे, मुळं कात्रीने कापायचे आणि परत त्याच कुंडीत लावायचे. लहानपणी मला वाटायचं, एवढं करतात तर एक मोठी कुंडी का घेत नाहीत? पैसे नसतील. विचारलं तर म्हणाले, “मोठी कुंडी घेतली तर झाड मोठं होईल. मग त्याला परत भिंत लागेल.”

हे वाक्य मला वीस वर्षांनी कळलं.

होतं असं की झाडाची सगळी मुळं एकाच कामाची नसतात. जाड मुळं झाडाला धरून ठेवतात, अन्न साठवतात, पाण्याची ने-आण करतात. पण पाणी आणि क्षार प्रत्यक्ष शोषून घ्यायचं काम करतात ती टोकाकडची कोवळी, केसांसारखी बारीक मुळं. जमिनीत ही टोकं पुढे पुढे सरकत राहतात. कुंडीत सरकायला जागा नाही, म्हणून मुळं कडेकडेने गोल फिरतात. दोन-चार वर्षांत कुंडीत माती कमी आणि मुळंच जास्त. जी माती उरते तिचं पीठ होतं, त्यातली हवेची पोकळी जाते. वरून पाणी घातलं की ते तसंच साचून राहतं. अशा वेळी पानं पिवळी पडतात, आपल्याला वाटतं झाड तहानलंय, आपण अजून पाणी घालतो. खरं म्हणजे मुळं गुदमरलेली असतात. मुळांनाही श्वास लागतो, ही गोष्ट शाळेत शिकवली असणार, पण मला ती मेलेल्या झाडाने शिकवली. त्याबद्दल येतेच.

उपाय म्हणजे उपसणं. जुनी माती झाडायची, मुळं केसांसारखी विंचरायची, गोल फिरलेली आणि खाली खुंट्यासारखी गेलेली जाड मुळं कापायची, बारीक ठेवायची. कापलेल्या जागेमागून नवी बारीक मुळं फुटतात आणि झाड अक्षरशः खालून तरुण होतं. इंजिनिअर मंडळींना सांगते, हे लेगसी कोड रिफॅक्टर करण्यासारखं आहे. बाहेरून काही बदललेलं दिसत नाही, आत निम्मं काढून टाकलेलं असतं, आणि शुक्रवारी संध्याकाळी करायचं नसतं.

म्हणजे वेळ चुकवायची नसते. मी ती चुकवली.

आबा २०२१ मध्ये गेले. त्यांच्या कुंड्यांपैकी एक लहान पिंपळ मी पुण्याला नेला. मोबाईलवर जपानी उस्तादांचे व्हिडिओ बघितले, सगळे सांगत होते की कुंडी बदलायची ती हिवाळा सरताना, कळ्या फुगायच्या आत. मी जानेवारीच्या एका रविवारी पिंपळ उपसला, नळाखाली धरून सगळी मुळं स्वच्छ धुतली, छान कापली. फोटोसुद्धा काढला. मार्चपर्यंत ते झाड वाळून खडखडीत.

व्हिडिओतले उस्ताद चुकीचे नव्हते. ते पाइन आणि मेपलबद्दल बोलत होते. ती थंड देशातली झाडं हिवाळ्यात झोपतात आणि वसंतात एकदम जोर धरतात, म्हणून जागं व्हायच्या क्षणी मुळं कापली की लगेच भरून येतात. वड-पिंपळ उष्ण हवेतली झाडं. त्यांचा जोर ऊन आणि ओल एकत्र आले की येतो. जानेवारीच्या थंडीत मुळं कापली तर नवी फुटायला अंगात धमकच नसते, आणि जखमा ओल्या मातीत सडत बसतात. मी जपानचं पंचांग पुण्यात लावलं, एवढंच.

याची जास्त लाज पुढे वाटली, कारण आपल्याकडे हे लिहून ठेवलेलं होतं. सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिता’ लिहिली. ग्रह, पाऊस, घरं, रत्नं असं काहीही त्यात सापडतं, आणि ‘वृक्षायुर्वेद’ नावाचा एक छोटा अध्याय आहे. त्यात तो झाडं लावायची वेळ झाडाच्या वयावरून ठरवतो. फांद्या न फुटलेली रोपं शिशिरात, फांद्या फुटलेली हेमंतात, आणि चांगलं खोड धरलेली झाडं पावसाळा सुरू होताना. मोठं झाड एका जागेवरून दुसरीकडे न्यायचं तर मुळापासून खोडापर्यंत लेप लावा म्हणतो. लेपात तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध आणि शेण. आता यातलं काय औषध आणि काय नुसता सोहळा, हा वाद घालता येईल. पण मला लेपामागचा विचार आवडतो. उपसलेल्या मुळाला सगळ्यात मोठा धोका वारा आणि उन्हाचा, कारण बारीक मुळं काही मिनिटांत सुकतात. चिकट, ओलसर लेप त्यांना झाकतो. आज रोपवाटिकेत ओल्या गोणपाटात मुळं गुंडाळतात, काम तेच.

बोन्साय वराहमिहिराच्या डोक्यात अर्थातच नव्हतं. पण ‘जाड खोडाचं झाड हलवायचं ते पावसाच्या तोंडावर’ हे वाक्य आणि आबांचा मिरगाचा मुहूर्त एकच आहे. आबांनी बृहत्संहिता वाचली नव्हती. त्यांच्याकडे मोसंबी होती.

हा धागा मला सगळ्यात भारी वाटतो, म्हणून इथे जरा थांबते.

जालना म्हटलं की बाहेरच्यांना स्टीलच्या सळया आणि बियाणं आठवतं. आम्हाला मोसंबी. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि बदनापूरला मोसंबीचं संशोधन केंद्रच आहे. आता मोसंबीचं झाड म्हणजे मुळातच दोन झाडं. खाली रंगपूर लाईम किंवा जंबेरीचा खुंट, वर मोसंबीचा डोळा बांधलेला. म्हणजे जमीन कोणती, पाणी किती, रोग कोणता, हे सगळं खालच्या झाडाने झेलायचं आणि फळ वरच्याच्या नावावर.

आपल्या हवेत मोसंबीला सोडून दिलं तर ती वर्षभर थोडं थोडं फुलत राहते. शेतकऱ्याला ते परवडत नाही, फळ एकदम हवं. म्हणून बहार धरतात. आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, मृग बहार जून-जुलैत, हस्त बहार पावसाळ्याच्या शेवटी. आंबे बहारासाठी डिसेंबरच्या आसपास पाणी तोडायचं. याला म्हणतात ताण देणं. झाड मलूल होतं, पानं फिकी पडतात, काही गळतात. वाढ थांबली की झाड फांद्यांत अन्न साठवतं. आणि मग जुनी पद्धत अशी होती की बुंध्याभोवतीची माती खणून वरची मुळं उघडी करायची, त्यांना काही दिवस ऊन दाखवायचं, केसाळ मुळं थोडी छाटायची, मग शेणखत घालून आळं बुजवायचं. त्यानंतर पाणी, पण एकदम नाही. आधी हलकं आंबवणीचं पाणी, काही दिवसांनी चिंबवणीचं, मग नेहमीचं. पाणी लागलं की झाड फुलांनी पांढरं होतं.

आता ऐका. मुळं उघडी करणं, बारीक मुळं छाटणं, खत-माती बदलणं, मग जपून पाणी देणं. ही बोन्सायची कुंडी बदलण्याची कृतीच आहे, फक्त कुंडी नाही. तिथे हेतू झाड लहान ठेवायचा, इथे हेतू झाडाला फुलायला लावायचा, पण दोन्हीकडे माणूस झाडाशी बोलतोय ते मुळांमार्फत. आज कृषी विद्यापीठवाले मुळं छाटू नका म्हणतात आणि त्यांचं बरोबर आहे. मोसंबीची खाणारी मुळं वरच्या थरातच असतात, त्यांना जखम झाली की बुरशी शिरते, मूळकूज आणि डिंक्या येतो. हलक्या जमिनीत तर नुसता ताण पुरतो. पण आबांच्या पिढीचा हात या कामावर बसलेला होता. कोणतं मूळ कापलं तर झाड रुसतं आणि कोणतं कापलं तर फुटतं, हे त्यांना बोटांनी कळायचं. वडाची कुंडी उपसणं त्यांना नवीन शिकावं लागलंच नाही.

मग मुद्दाम उथळ ताटलीत झाड लावून ते पिढ्यान् पिढ्या जपायचं, हे वेड सुरू कुठे झालं? जपानमध्ये नाही, चीनमध्ये. शिआन शहराजवळ तांग घराण्यातल्या झांगहुआय नावाच्या राजपुत्राची कबर आहे. इसवी सन ७०६ मधली. तिच्या भिंतीवरच्या चित्रात एक सेवक हातात उथळ तबक धरून चाललाय आणि तबकात छोटे दगड आणि छोटी झाडं. चीनमध्ये पुढे याला पेनजिंग म्हणू लागले, म्हणजे तबकातला देखावा. जपानमध्ये हा नाद पोहोचला आणि रुजला. १३०९ सालच्या एका जपानी चित्रगुंडाळीत अशा तबकातल्या झाडांचं चित्र आहे. तोक्योच्या राजवाड्यात आजही एक पाइन आहे, तिसरा शोगुन तोकुगावा इएमित्सु याचा म्हणून ओळखला जाणारा. वय पाचशेच्या वर सांगतात. शोगुन १६५१ मध्ये गेला, पाइन चालू आहे.

माळ्यांचंही एकदा स्थलांतर झालं. १ सप्टेंबर १९२३ ला तोक्योत प्रचंड भूकंप झाला. बोन्साय वाढवणाऱ्या काही कुटुंबांनी शहर सोडलं आणि १९२५ पासून तोक्योच्या उत्तरेला ओमिया इथे वस्ती केली, कारण तिथे मोकळी जागा आणि चांगलं पाणी होतं. ते बोन्साय गाव अजून आहे. त्या भागातली अकादामा नावाची माती जगभर विकली जाते, ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली, दाणेदार, पाणी धरणारी आणि हवा खेळू देणारी. पुण्यात तिच्या पिशवीचा भाव बघून मी गुपचूप फोन बंद केला. आबा विटेचा चुरा, मुरूम आणि जुनं शेणखत वापरायचे. मुरूम म्हणजे तरी काय, दख्खनचा झिजलेला काळा दगड. तोही ज्वालामुखीचाच, फक्त काही कोटी वर्षं शिळा.

जपानची एक गोष्ट मात्र मला वेगळ्या कारणाने लागली. ‘हाची नो कि’ नावाचं जुनं नो नाटक आहे, नावाचा अर्थ कुंडीतली झाडं. इतिहास म्हणून नका घेऊ, दंतकथाच आहे. सानो नावाचा एक सामुराई जमीन-जुमला गमावून दरिद्री झालेला. बर्फाच्या रात्री एक भटका भिक्षू दारात येतो. घरात सरपण नाही. सानोकडे चांगल्या दिवसांतली तीनच झाडं उरलीत, कुंडीतली. एक प्लम, एक चेरी, एक पाइन. तो ती तोडतो आणि पाहुण्याला ऊब मिळावी म्हणून जाळतो. भिक्षू असतो वेश बदललेला राज्यकर्ता होजो तोकियोरी. पुढे तो सानोला त्या तीन झाडांच्या नावांची तीन गावं इनाम देतो.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला २०१२ चा हिवाळा आठवला.

मी तेव्हा सोळा वर्षांची. पाऊस नावापुरता झाला होता. त्या वर्षीच्या दुष्काळात राज्यात सगळ्यात जास्त पोळलेल्या जिल्ह्यांमध्ये जालना होता. गावांना प्यायला टँकर, आणि ज्यांची ऐपत होती ते बागेला पण टँकरने पाणी घालत होते. अंबड रस्त्याला आमच्या आबांची दोनशे ऐंशी झाडांची बाग. विहिरीने दिवाळीतच तळ दाखवला. शेतकरी देतो तो ताण महिना-दीड महिन्यात तोडायचा असतो. हा ताण तोडायला पाणीच नव्हतं.

आबांनी विहिरीजवळची साठ झाडं निवडली. त्यांच्यावरची सगळी फळं उतरवली, लिंबाएवढी होती ती पण. मग फांद्या कापल्या, इतक्या की शेजारचे म्हणाले म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. बुंध्याभोवती ज्वारीचा भुसा आणि पाचट पसरलं. प्रत्येक झाडाला एक मडकं, बुडाला छिद्र, छिद्रात कापडाची वात. मला तेव्हा फांद्या कापायचा भाग राक्षसी वाटला होता. आधीच झाड मरतंय, त्यात हे. आबा म्हणाले, “खालून जेवढं येतंय तेवढंच वर ठेवायचं.” बस्स. पानांतून पाणी उडतं, मुळं ते भरून देतात. मुळांकडे द्यायला नसेल तर पानं कमी करा. मुळं कापली असतील तरी पानं कमी करा. बोन्सायची महागडी पुस्तकं पानभर आकृत्या काढून हेच सांगतात.

उरलेली दोनशे वीस झाडं जेसीबीने काढली. पंचनामा झाला, थोडी मदत आली. तीन गावं इनाम नाही मिळाली. त्या हिवाळ्यात घरात अंघोळीचं पाणी मोसंबीच्या लाकडावर तापायचं आणि आबा बंबाच्या बाजूला फिरकायचे नाहीत. थंड पाण्याने अंघोळ करायचे, ‘सवय आहे’ म्हणायचे. साठातली त्रेचाळीस झाडं जगली. गच्चीवरच्या वडाला भाजी धुतलेलं पाणी मिळायचं, रोज एक तांब्या, आणि तो काही न झाल्यासारखा उभा. भिंतीच्या फटीत जन्मलेल्या झाडाला दुष्काळाचं काय कौतुक.

आता दुसरी एक भिंत. ६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ, हिरोशिमा. बॉम्ब पडला त्या ठिकाणापासून तीनेक किलोमीटरवर यामाकी कुटुंबाची बोन्सायची रोपवाटिका होती. घराच्या काचा फुटून अंगात घुसल्या, पण माणसं वाचली, आणि उंच भिंतीच्या आड ठेवलेली झाडंही. त्यातला एक पांढरा पाइन १६२५ पासून कुंडीत होता. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली म्हणून जपानने त्यांना ५३ बोन्साय भेट दिले. मासारु यामाकी यांनी त्यात हा पाइन दिला. ज्यांनी बॉम्ब टाकला त्यांनाच. हे झाड कुठून वाचून आलंय, हे वॉशिंग्टनच्या संग्रहालयातल्यांना पंचवीस वर्षं माहीत नव्हतं. २००१ मध्ये यामाकींचे दोन नातू आजोबांचं झाड बघायला आले, तेव्हा कळलं.

लोक या गोष्टीत बॉम्ब ऐकतात. मला त्यातला हिशेब दिसतो. जवळपास चारशे वर्षं. पाच वर्षांनी एकदा म्हटलं तरी सत्तर-ऐंशी वेळा कोणीतरी ते झाड उपसलंय, मुळं विंचरलीत, कापलीत आणि परत बसवलंय. एकदा जरी कोणी आळस केला असता, किंवा माझ्यासारखं जानेवारीत धुऊन काढलं असतं, तर संपलं असतं. अशा म्हाताऱ्या पाइनची माती कधीच पूर्ण काढत नाहीत. एका वेळी अर्धा भाग, उरलेला पुढच्या खेपेला. मुळांभोवती एक उपकारक बुरशी असते, ती जुन्या मातीतून नव्या मातीत जावी म्हणून मूठभर जुनी माती ठेवतात. मूळ वापरणारा हात बदलतो, माती थोडी जुनीच राहते.

आमच्या वडाला आठ वर्षं कोणी हात लावला नव्हता. आबांचे शेवटचे काही पावसाळे गुडघेदुखीत गेले, नंतर आम्ही भीतीने लावला नाही. मी तर पिंपळ मारून बसले होते. या वर्षी पाणी घातलं की ते अर्धा तास वरच उभं राहायला लागलं आणि कुंडीला बारीक तडा गेला. आज्जी रोज बघायची आणि काही बोलायची नाही. मिरगाचा पहिला पाऊस झाला, आठवडाभर थांबले, आणि शनिवारी सकाळी सिकेटर, बांबूची काडी, कात्री, ओलं गोणपाट घेऊन गच्चीवर गेले.

आज्जी मागून आलीच. “कशाला उचकटायलीस त्याला? चांगलं हाय की.”

चांगलं नव्हतं. कुंडीच्या कडेने भाकरीचं उलथणं फिरवलं तेव्हा कुठे गड्डा सुटला. कुंडीच्या आकाराची वीटच निघाली, नुसत्या मुळांची. बाहेरून काडीने विंचरायला सुरुवात केली. बाहेरून आत, खालून वर, ओढायचं नाही, सोडवायचं. दोन तास गेले. मधे मधे पाणी शिंपडायचं, जो भाग झाला तो गोणपाटात. खालची अंगठ्याएवढी दोन मुळं कापली, पांढरा चीक भळाभळा आला, तो पुसला, लाकडी कोळशाची पूड दाबली. कडेने गोल फिरलेली मुळं कापली. एकूण तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापायचं नाही असं ठरवलं होतं.

आणि मग बुंध्याच्या बरोबर खाली काडी कशालातरी अडली. दगड वाटला. माती काढत गेले तर विटेचा तुकडा, त्याला चुना चिकटलेला. चार मुळांनी चारही बाजूंनी धरलेला, मुठीत धरावा तसा. आबांनी पहारीने काढला तो कठड्याचा तुकडा. माळवद आम्ही २००९ मध्ये पाडून स्लॅब टाकला. त्या घराचं आता काहीच शिल्लक नाही, फोटो पण दोनच आहेत.

नियमाने बघितलं तर तो काढायला हवा होता. विटेखाली मुळांना जागा मिळत नाही, पाणी साचतं, बुंध्याचा पसारा नीट दिसत नाही. दर तीन-चार वर्षांनी आबा हे झाड उपसायचे, म्हणजे त्यांना तो तुकडा प्रत्येक वेळी दिसत असणार, आणि त्यांनी तो प्रत्येक वेळी तसाच ठेवला. मी कात्री घेऊन बराच वेळ बसले. आज्जीला दाखवला. तिने चष्मा वर केला, चुन्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, “ह्यो आपल्या देवघराच्या वरचा कठडा.” तिला कसं कळलं, विचारलं नाही. तुकड्याभोवतीची जुनी माती काडीने काढली, नवा चुरा भरला आणि तुकडा ठेवला.

तडा गेलेली कुंडी बदलली, पण मापाने तेवढीच घेतली. तळाला जाळी, मग जाडा मुरूम, मग मिश्रण. झाड हलू नये म्हणून भोकांतून तार ओवून बांधलं. हललं तर नवी मुळं तुटतात. मुळांत पोकळी राहू नये म्हणून काडीने माती ठासत गेले. निम्मी पानं कापली, वरचा हिशेब खालच्याशी जुळवायला. सावलीत ठेवलं. खत महिनाभर नाही.

आठव्या दिवशी उरलेली पानं पिवळी पडून गळायला लागली. दहाव्या दिवशी एकही राहिलं नाही. मी ऑफिसच्या कॉलवर असताना पण एका टॅबमध्ये वड का मरतात ते वाचत होते. फांदीवर नखाने बारीक ओरखडा काढून बघितला, आत हिरवं होतं, म्हणून श्वास घेतला. आज्जीने त्या दिवसांत मला दोनदा चहा करून दिला, जो ती एरवी मला करायला लावते.

एकोणिसाव्या दिवशी एका फांदीच्या टोकाला लालसर टोक दिसलं, पान गुंडाळलेलं असतं ते. दुसऱ्या दिवशी अजून चार. मी ओरडले तेव्हा आज्जी वर आली, वाकून बघितलं, आणि माझ्या हातातला तांब्या काढून घेतला.

“आता लाडानं पाणी लई घालू नको,” म्हणाली. “वरची माती सुकू दे आधी.”

आजच्या भागात एवढंच. पाऊस परत सुरू झालाय, माईक आत घ्यायला हवा. भेटू.